अंगठा मराठीत, निष्कर्ष इंग्रजीत

गेली चौदा वर्षं मी संमतीपत्रांची मराठी भाषांतरं करते. आरोग्यावरचे अभ्यास, पोषणावरचे, शाळेतल्या मुलांवरचे, दोनदा लोककलांवरचेही. माणसाच्या अंगाला किंवा आयुष्याला हात लावायचा तर आधी त्याला विचारावं लागतं, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत विचारावं लागतं. नियमच आहे तसा. माझं मराठी झालं की ते अशा एका भाषांतरकाराकडे जातं ज्याने मूळ कागद पाहिलेला नसतो. तो त्याचं पुन्हा इंग्रजी करतो. मग एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे पाहणारी समिती, दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी ठेवून तपासते. 'सुई टोचताना थोडं दुखेल' यातल्या 'थोडं' या शब्दावरून एकदा आठवडाभर ईमेल चालले होते. त्या काटेकोरपणाबद्दल मला आदर आहे.

या चौदा वर्षांत कुठल्याही अभ्यासाचा निष्कर्ष भाषांतरासाठी माझ्याकडे आलेला नाही. एकदाही नाही.

मराठवाड्यातल्या एका गावातली दुपार आठवते. संमतीपत्र लोकांना कळतंय का हे पाहायला आम्ही अंगणवाडीत पाच-सहा बायकांना ते वाचून दाखवत होतो. 'तुम्ही कुठल्या गटात जाल हे चिठ्ठी टाकून ठरेल' या वाक्याशी मी बरीच झटले होते. इंग्रजीत त्याला 'रँडमायझेशन' हा एकच शब्द आहे, पण त्याचा मराठी प्रतिशब्द अंगणवाडीत उच्चारायच्या लायकीचा नाही. चिठ्ठीचं सगळ्यांना लगेच समजलं. सगळं वाचून झाल्यावर सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "मागं बी रगत नेलतं. काय निघालं त्यात, ते कुणी सांगितलंच न्हाई." आवाजात राग नव्हता. दळण टाकून आलेलं माणूस पीठ कधी मिळेल हे जसं विचारतं, तसं त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. आधीचा तो अभ्यास कुणाचा, हेसुद्धा आम्हाला सांगता आलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. संमतीपत्र मराठीत असल्याशिवाय अभ्यास सुरू होऊ शकत नाही, तसा निष्कर्ष मराठीत लोकांपर्यंत पोचल्याशिवाय अभ्यास संपला असं धरू नये. ना एथिक्स कमिटीने, ना अनुदान देणाऱ्याने, ना पीएच.डी. देणाऱ्या विद्यापीठाने.

हे ऐकून चांगली, प्रामाणिक माणसंही म्हणतात, "अहो, विषय फार अवघड असतात." म्हणून अवघडातला अवघड विषयच घेते.

सध्या एपिजेनेटिक्स हा शब्द फार कानांवर येतो. परिस्थितीचा, म्हणजे अन्नाचा, उपासमारीचा, धुराचा, ताणाचा माणसाच्या जनुकांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, त्याचा हा अभ्यास. जुन्या घरात पारायणाची पोथी असते. तिच्यातली अक्षरं कुणी बदलत नाही. पण कुठल्या अध्यायाशी थांबायचं, कुठली पानं रोज वाचायची आणि कुठली मिटलेलीच ठेवायची, याच्या कुंकवाच्या खुणा वाचणाऱ्यांनी करून ठेवलेल्या असतात. पोथी तीच राहते, पण खुणा वेगळ्या असल्या की वाचन वेगळं होतं. डीएनएवरही मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात आणि कुठलं जनुक किती वाचलं जावं हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. या खुणांना लागणारं कुंकू अन्नातून येतं. ते जागेवर पोचवायच्या कामात फोलेट आणि बी-12 ही दोन जीवनसत्त्वं लागतात. फोलेट पालेभाजीत असतं. बी-12 भाजीपाल्यात नसतं, ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं.

हे वरचं मी अंगणवाडीत असंच्या असं सांगितलेलं आहे. कुणाला अवघड गेलं नाही.

1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात जर्मन फौजांनी अन्नाची वाट अडवली. माणसाला दिवसाकाठी हजार कॅलरीसुद्धा मिळेनात, वीस हजारांवर माणसं मेली. त्या हिवाळ्यात जी गर्भात रुजत होती त्यांची साठ वर्षांनी तपासणी झाली. 2008 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, वाढीशी संबंधित एका जनुकावर त्यांच्या अंगी मिथाइलच्या खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. आई तीच, बाप तोच, फरक फक्त त्या हिवाळ्याचा. हे वाचताना मला आपला 1972चा दुष्काळ आठवतो. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायका, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, पोरांच्या वाटीतली सुकडी. तेव्हा जे पोटात होते ते आज पन्नाशी ओलांडून गेलेत. आपल्या साखरेच्या आजाराचा उगम कुठे असेल हे विचारायचा हक्क त्यांना आहे. पण प्रश्न सुचायला आधी ही गोष्ट त्यांच्या कानांवर पडायला हवी.

आणि ही गोष्ट काही परदेशातच घडलेली नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांची गर्भार राहण्याआधीपासून मोजमापं घेतली. बाळं झाली ती सरासरी 2.7 किलोंची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं 3.5 किलोंची. आपली बाळं हातापायांनी काडीसारखी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार. आपल्याकडे सडपातळ माणसालाही चाळिशीच्या आत मधुमेह का गाठतो, या प्रश्नाचा एक धागा त्या पाळण्यात सापडला. हिरव्या भाज्या, दूध आणि फळं ज्या आयांच्या खाण्यात अधिक वेळा होती त्यांची बाळं थोराड, हेही दिसलं. दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ज्यांच्या आईला गरोदरपणात फोलेट भरपूर आणि बी-12 कमी होतं, त्या मुलांचं शरीर रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होतं. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. पुढे त्याच मुलामुलींना, ती वयात येत असताना, बी-12 देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे पाहणारा प्रयोगही तिथे झाला. पोटात असल्यापासून मोजलेली पोरं आता आईबाप झालीत. इतकी वर्षं गावं सोबत राहिली यावरून त्या मंडळींनी राखलेल्या नात्याची कल्पना येते. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

तक्रार ही आहे की त्या सहा गावांपलीकडे, बाकीच्या महाराष्ट्रातल्या एखाद्या गरोदर बाईला हे कुठून कळणार? मराठी मातीतून निघालेलं, जगभर दाखला म्हणून दिलं जाणारं हे ज्ञान तिच्यापर्यंत यायची वाट कोणती?

वाट नाही म्हणून जागा मोकळी राहत नाही, तिथे दुसरंच कुणी येऊन बसतं. गेल्या काही वर्षांत फोनवर फिरणारे गर्भसंस्काराचे निरोप मी जपून ठेवले आहेत. पूर्वी त्यांत अभिमन्यू असायचा, आता एपिजेनेटिक्स असतं. 'विज्ञानाने सिद्ध केले आहे की अमुक राग ऐकल्याने बाळाची जनुके बदलतात', आणि खाली हजारोंच्या शुल्काचा शिकवणी वर्ग. खरी गोष्ट याहून साधी आणि माझ्या मते जास्त सुंदर आहे. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागतं, आणि जन्मल्यावर त्याला परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज आवडतो, हे 1980 सालीच दाखवलं गेलं आहे. आईने गावं, जरूर गावं. पण पुण्याच्या त्या अभ्यासाने राग मोजले नव्हते, ताटातलं अन्न आणि रक्तातली जीवनसत्त्वं मोजली होती. त्यातून निघणारा सल्ला वाटीभर दह्याचा आहे. ज्या बाईला ते दही परवडत नाही, तिच्या घरी ते कसं पोचावं हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे. वर्गाचं शुल्क भरून तो सुटत नाही.

दुसरी एक भीती मला जास्त छळते. अर्धवट पोचलेलं हे ज्ञान थेट आईच्या डोक्यावर खापर फोडतं. पोर नाजूक का? हिने नीट खाल्लं नाही. नातवाला साखर का? सुनेने डोहाळ्यांत हट्ट केले. एपिजेनेटिक्सच्या निष्कर्षांवरून आयांना दोष देऊ नका, असं 2014 साली काही संशोधकांनी 'नेचर'मध्ये एकत्र लिहून बजावलं होतं. ती विनंतीही इंग्रजीतच राहिली. आपल्याकडच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला 'तू काय खाल्लंस' असं विचारणं आणि 'तुझ्या ताटात काय उरलं' असं विचारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निष्कर्ष सासू, नवरा आणि ग्रामपंचायत सगळ्यांसमोर मांडला तरच तो फरक कळतो.

आता जात्याकडे येते, कारण निष्कर्ष परत कसा न्यावा याचं मी पाहिलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण तिथलं आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं या दोघांनी पुण्यात राहून अनेक वर्षं गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका आणि लाखावर ओव्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाने त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या आणि संगणकावर त्यांची नीट सूची लावली. जातं हीच त्या गाण्याची शाळा होती. पहाटे आईसमोर बसून खुंट्याला हात लावला की हाताला दळण कळायचं आणि कानाला चाल. ना फी, ना परीक्षा. गावात विजेची गिरणी आली आणि ती शाळा बंद पडली. राईरकर आणि पॉइतवॅं दोघंही आज हयात नाहीत. हा सगळा ठेवा एखाद्या संस्थेच्या कपाटात सुखाने पडून राहिला असता, त्यावर चार प्रबंधही झाले असते.

तसं झालं नाही. 2017पासून ग्रामीण भारताच्या कहाण्या मांडणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळाने त्या ओव्या मराठी शब्द, आवाज आणि गाणारणीच्या नाव-गावासकट लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली, आणि त्यासाठी माणसं पुन्हा त्या गावांत गेली. वीस वर्षांपूर्वी गाणाऱ्या बायकांना शोधलं, त्यांना त्यांचेच आवाज ऐकवले, पुन्हा गायला लावलं, फोटो काढले, व्हिडिओ केले. ज्या बाईचा आवाज नेला होता तिच्या दाराशी तो परत आला, आणि तोही तिच्याच भाषेत.

मी त्यातली एक ओवी माझ्या आत्याला फोनवर ऐकवली. ती गहू निवडत होती. दोन ओळी झाल्या आणि तिचा हात थांबला. "आमच्याकडं दुसरी ओळ अशी न्हाई म्हणत," ती म्हणाली आणि तिची ओळ म्हणून दाखवली. मग तिसरी, मग त्या ओवीला जोडून आणखी आठ. तिला इतक्या ओव्या येतात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. निष्कर्ष परत न्यायची खरी कमाई मला तिथे कळली. परत नेलेलं काम तपासलं जातं. आहाराच्या अभ्यासांत 'काल सकाळपासून काय काय खाल्लं' असं विचारतात. कढईच्या तळाशी उरलेलं निपटून खाल्लेलं बाई मोजतच नाही, कारण तिच्या लेखी ते जेवण नसतं. निकाल घेऊन चावडीवर बसा. एखादी बाई हे आपसूक सांगेल आणि पुढच्या प्रश्नावलीत एक ओळ वाढेल.

डिजिटल साधनांनी हे सोपं झालं आहे, यात शंका नाही. गरोदर बायकांना दर आठवड्याला आवाजी निरोप देणारी केंद्र सरकारची 'किलकारी' ही सेवा 2016पासून चालू आहे. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत 72 निरोप जातात. मुंबईतल्या 'अरमान' संस्थेची 'एममित्र' सेवाही याच धर्तीची. मार्ग तयार आहे, त्यावरून निष्कर्षही जाऊ शकतात. पण फोनवर सगळी भिस्त टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त 54 टक्के बायकांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल होता. उरलेल्या घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि तो संध्याकाळी घरी येतो. शिवाय फोन एकतर्फी बोलतो. आजीने विचारलेला तो प्रश्न फोनला विचारता येत नाही.

गावात विचारायच्या आणि सांगायच्या जागा आहेत. ग्रामसभा आहे, आशाताईंची बैठक आहे, आणि भजनी मंडळ आहे. पखवाज वाजवणाऱ्या काकांच्या शेजारी बसून जिथे दहा वर्षांचं पोर ठेका शिकतं, तिथे एक विषय आठवडाभर घोळवायची ताकद असते. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी 1917 साली काढली. तिथून शिकून गेलेले कीर्तनकार अवघड अभंग अडाणी समजल्या जाणाऱ्या श्रोत्यांना आजही उलगडून सांगतात. गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे, स्वच्छतेचं असो की कर्ज काढून केलेल्या सणाचं. समजावून सांगणं ही आपल्याकडे एक विद्या आहे, ती जाणणारी माणसं आहेत. त्यांना मानधन देऊन बोलवा. फुकट राबवू नका, एवढंच माझं सांगणं.

पैशाचं कारण पुढे केलं जातं म्हणून हाही आकडा सांगते. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना शोधनिबंध वाचता यावेत यासाठी हा खर्च आहे आणि तो योग्यच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण ज्यांच्या रक्तावर, आवाजावर, ताटावर ते निबंध उभे असतात, त्यांना दोन पानं मराठीतून सांगायला पैसे नाहीत, हे मला पटत नाही. आपले लाखो प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवले जातात. तिथेच प्रत्येक प्रबंधासोबत, जिथे काम केलं त्या लोकांच्या भाषेतला चार पानांचा सारांश बंधनकारक करा. महाराष्ट्रात मराठी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, गोव्यात कोकणी. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. जुन्या शिलालेखांसाठी निधी येईल, यायलाच हवा. पण मिथाइलला, जनुकाला, बी-12ला मराठीत बोलतं करणं हेही त्याच दर्जाचं काम आहे.

आणि 'अर्धवट निष्कर्ष लोक चुकीचा घेतील' या आक्षेपाबद्दल. तो खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. फोलेटचं वरचं वाक्य ऐकून एखादी बाई लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या सरकारी गोळ्या बंद करेल, आणि ते घातक ठरेल. त्या गोळ्या रक्तक्षयासाठी आहेत, बाळाच्या मणक्यासाठी आहेत, त्या घ्यायच्याच आहेत. प्रश्न त्यांच्या जोडीला बी-12 देण्याचा आहे. जनुकावर खूण दिसणं वेगळं आणि त्या खुणेमुळेच आजार झाला असं ठरणं वेगळं, हेही सांगावं लागेल. पण चिठ्ठी टाकून गट ठरवणं, खऱ्या गोळीसारखी दिसणारी औषध नसलेली गोळी, रक्त वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं, त्यातून डीएनए काढणं, हे सगळं आपण त्याच बाईला समजावतो ना? तिचा अंगठा हवा असतो तेव्हा तिला सगळं समजेल याची आपल्याला खात्री असते. दोन वर्षांनी तिला निकाल सांगायची वेळ आली की ती अचानक अडाणी कशी होते?

अभ्यासात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला एकूण निष्कर्ष कळवून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे, असं वैद्यकीय संशोधनाच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात लिहिलेलं आहे. पर्याय कागदावर असतो. कोण, कधी, कुठे येऊन सांगणार हे लिहिलेलं नसतं. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी प्रत्येक संमतीपत्राबरोबर एक टिपण जोडते आणि शेवटच्या पानावर एक ओळ घालायला सुचवते: 'या अभ्यासातून काय निघालं ते आम्ही अमुक महिन्यात, अमुक ठिकाणी येऊन तुम्हाला मराठीत सांगू.' महिना आणि ठिकाण भरायला जागा सोडते. बहुतेक वेळा ती ओळ गळून कागद परत येतो. एका अभ्यासात ती राहिली. तरुण संशोधक मुलगी होती, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'फेब्रुवारी, मारुतीच्या देवळासमोर'. त्या फेब्रुवारीला अजून पाच महिने आहेत. मी तिच्याकडून तारीख मागून घेतली आहे आणि सोबत आत्यालाही नेणार आहे.